वाहनतळाची बेरीज आणि घड्याळ

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत एकाच भूखंडावर हॉटेल, कचेऱ्या, दुकाने, उपाहारगृहे आणि समारंभांची दालने एकत्र उभी राहू लागली आहेत. अशा संकुलात मोटारींसाठी किती जागा राखावी, हा प्रश्न वरवर पाहता वास्तुशिल्पज्ञांच्या अखत्यारीतला वाटतो. वस्तुतः तो शहरातील जमिनीच्या वाटपाचा, म्हणूनच सार्वजनिक हिताचा प्रश्न आहे.

प्रचलित रीत सोपी आहे. कचेऱ्यांना इतक्या मोटारी, हॉटेलच्या खोल्यांना इतक्या, दुकानांना इतक्या, असे प्रमाण ठरवावयाचे आणि शेवटी बेरीज मांडावयाची. या बेरजेत घड्याळाला स्थान नाही. कचेरीतील मोटार सकाळी दहाला येते आणि सायंकाळी निघून जाते. हॉटेलातील पाहुण्यांच्या मोटारी प्रामुख्याने रात्री मुक्कामाला असतात. उपाहारगृहे तर दिवेलागणीनंतरच गजबजतात. शिवाय हॉटेलात उतरलेला पाहुणा तेथेच जेवला, तर त्याच्यासाठी दुसरी जागा लागत नाही. अमेरिकेतील अर्बन लँड इन्स्टिट्यूट या संस्थेने १९८३ साली सामायिक वाहनतळांवरील ग्रंथ प्रसिद्ध करून हा हिशेब शास्त्रशुद्ध रीतीने मांडला.

उदाहरणादाखल एक संकुल कल्पावे. कचेऱ्यांना ३००, हॉटेलला १५०, दुकानांना १०० आणि उपाहारगृहे व समारंभ-दालनांना १५० जागा धरल्या, तर बेरीज ७०० होते. परंतु सकाळी अकरा वाजता हेच आकडे अनुक्रमे ३००, ७५, ६० व ३० असतील, तर एकूण गरज ४६५ भरते. रात्री नऊला ते ३०, १३०, ८० व १५० झाले, तर ती ३९० वर येते. अन्य कोणत्याही वेळी गरज याहून मोठी नसेल, तर २३५ जागा अनावश्यक ठरतात. ये-जा करण्याच्या वाटेसह एका मोटारीला २५ ते ३० चौरस मीटर जागा लागते. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात एका कुटुंबाला मिळणारे घर २७.८८ चौरस मीटरचे असते. ही तुलना पुरेशी बोलकी आहे.

तथापि हे तत्त्व आपल्याकडे जसेच्या तसे उचलणे धोक्याचे ठरेल. परदेशी तक्त्यांत आपली लग्नसराई नसते. मुहूर्ताच्या दिवशी दुपारच्या पंगतीला आलेल्या मोटारी आणि कचेऱ्यांतील मोटारी एकाच वेळी जागा मागतात. तेव्हा मोजणी येथील संकुलांत, येथील हंगामात आणि तासातासाने व्हावयास हवी. त्याचप्रमाणे मेट्रो वा लोकल स्थानकाशेजारच्या संकुलाला आणि शहराबाहेरील संकुलाला एकच माप लावणेही उचित नव्हे.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. सामायिक वापराचा दाखला देऊन विकासकाने जागा कमी करून घ्यावयाच्या आणि पुढे त्यांवर ‘राखीव’च्या पाट्या लावून साखळ्या बांधावयाच्या, असे घडल्यास बचत खासगी तिजोरीत जाईल आणि मोटारी रस्त्यावर येतील. भुर्दंड पडेल तो पदपथावरून चालणाऱ्या वृद्धाला, शाळकरी मुलाला आणि वाटेत अडकलेल्या रुग्णवाहिकेला. केवळ जागा बांधून भागत नाही, हा धडा मुंबईने घेतलेला आहे. जादा चटईक्षेत्र देऊन सार्वजनिक वाहनतळ बांधवून घेतल्यानंतरही त्यांच्या परिसरात रस्त्यावर मोटारी उभ्या राहतच होत्या. अखेर २०१९ साली महापालिकेला जबर दंडाचा मार्ग पत्करावा लागला.

म्हणून सवलतीबरोबर बंधनही हवे. सामायिक जागा सर्व वापरांना खुली राहील, हा करार मालमत्तेच्या दस्तऐवजात नोंदला जावा, तो पुढील मालकांवरही बंधनकारक असावा आणि भोगवटा प्रमाणपत्रानंतर ठरावीक काळाने प्रत्यक्ष तपासणी व्हावी. घड्याळ पाहून जागा कमी करावयाची असेल, तर ते घड्याळ महापालिकेच्याही भिंतीवर चालू असले पाहिजे. अन्यथा कागदावर वाचलेली प्रत्येक जागा पादचाऱ्याच्या वाट्यातून वसूल केली जाईल.