पाहुणे गेल्यावर काय उरतं?

शुक्रवारी रात्रीच्या कॉलवर ऑनसाईटचा मॅनेजर म्हणाला, "आपण पार्टनर आहोत." फोन ठेवला आणि मी त्यांनीच केलेल्या डिझाईनमधले बग निस्तरत बसलो. म्हटलं, ही कसली भागीदारी?

खरी कशी असते? कानपूरचं बघा. १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षं नऊ अमेरिकन विद्यापीठांनी तिथली आयआयटी उभी करायला मदत केली. १९६३ मध्ये आयबीएम १६२० कॉम्प्युटरही आला. पण माझ्या मते मशीन दुय्यम. पाहुण्यांच्या बरोबरीने इथले प्राध्यापक शिकवत होते. व्ही. राजारामन यांच्यासारख्यांनी अभ्यासक्रम आखले, पुस्तकं लिहिली. त्यामुळे पाहुणे गेले तरी काम थांबलं नाही.

तिथली बरीच मुलं परदेशी गेली, हे कबूल. तरी शिकवणारी, संशोधनाचा विषय स्वतः निवडणारी माणसं इथेही उरली.

आज परदेशी विद्यापीठाशी करार झाला की हस्तांदोलनाचे फोटो छापून येतात. मी दोनच प्रश्न विचारेन. विषय कोण ठरवणार? आणि पैसे संपल्यावर इथे काय उरणार?

असो. माझा बग अजून तसाच आहे. सोमवारी बघू!