पेत्राच्या डोंगरावरील हॉटेल

जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठी, बॉन शहरापासून जवळच, कोनिग्सविंटर नावाचे लहानसे नगर आहे. त्याच्या पाठीशी जी डोंगररांग आहे तिला ‘सात डोंगर’ म्हणतात. मोजू गेल्यास ते सातांहून पुष्कळ अधिक भरतात. त्यांपैकी एक पेटर्सबेर्ग, म्हणजे पेत्राचा डोंगर. त्याच्या माथ्यावरील एका प्रशस्त हॉटेलाची हकिगत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

११८९ साली सिस्टर्शियन संघाचे मठवासी या माथ्यावर राहावयास आले. तीनच वर्षांनी ते खाली हाइस्टरबाखच्या खोऱ्यात गेले व तेथे त्यांनी मोठा मठ उभारला. १८०३ साली तो मठ बंद पडला, त्याचे दगडही विकले गेले. आता वेदीमागील भागाचे भग्नावशेष तेवढे दिसतात. डोंगरावर मात्र संत पेत्राचे चॅपेल राहिले. आजचे चॅपेल १७६४ सालचे आहे. त्याच्याच नावावरून डोंगरास नाव पडले.

पुढे भाविकांच्या वाटेने हवा खाणारे येऊ लागले. १८८९ साली दातेरी रुळांची आगगाडी माथ्यापर्यंत गेली, मागोमाग हॉटेल झाले. १९११ साली ते कोलोनच्या सुप्रसिद्ध ‘४७११’ सुगंधी पाण्याचे कारखानदार फेर्डिनांड म्युलहेन्स यांनी विकत घेतले व तेथे नवे, राजवाड्यासारखे हॉटेल बांधविले. ते १९१४ साली उघडले आणि त्याच वर्षी ऑगस्टात महायुद्ध पेटले!

सप्टेंबर १९३८ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन येथे उतरले होते. हिटलर नदीपलीकडे गोडेसबेर्गच्या हॉटेलात होता. बोलणी अडली तेव्हा वृद्ध पंतप्रधान दिवसभर डोंगरावरच थांबले व पत्रे पाठवीत राहिले. रात्री पुन्हा नदी ओलांडून गेले. आठवड्याभरात म्युनिक येथे चेकोस्लोव्हाकियाचे लचके तोडण्यास संमती मिळाली. या खोल्यांतून दिसणारे ऱ्हाईनचे दृश्य फार रमणीय असल्याचे सांगतात. त्या दिवशी ते कोणी पाहिले असेल असे आम्हांस वाटत नाही.

युद्धानंतर, १९४९ साली, पराभूत पश्चिम जर्मनीवर देखरेख ठेवणारे अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स यांचे उच्चायुक्त याच हॉटेलात बसू लागले. २१ सप्टेंबर रोजी नवे चॅन्सेलर कोनराड आडेनाउअर त्यांच्या भेटीस डोंगर चढून आले. वय ७३, कोलोनचे जुने महापौर, नाझींनी १९३३ साली पदावरून दूर केलेले. उच्चायुक्त गालिच्यावर उभे राहणार आणि आडेनाउअर यांनी गालिच्याबाहेर थांबावे, असा शिष्टाचार ठरला होता. फ्रेंच उच्चायुक्त फ्रांस्वा-पोंसे स्वागतार्थ पुढे सरले, तोच म्हातारबुवाही पुढे झाले आणि सरळ गालिच्यावर उभे राहिले. कोणीही हरकत घेतली नाही.

परंतु आम्हांस त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दोन महिन्यांनंतरचा, २२ नोव्हेंबरचा करार. जर्मन कारखान्यांची मोडतोड आटोक्यात यावी म्हणून आडेनाउअर यांनी रूर प्रदेशाच्या कोळसा-पोलादावरील परकीय नियंत्रणात सहभाग पत्करला. संसदेत विरोधी नेते शुमाखर यांनी त्यांस ‘मित्रराष्ट्रांचा चॅन्सेलर’ म्हणून हिणविले. शुमाखर यांनी नाझींच्या छळछावण्यांत वर्षानुवर्षे काढली होती, तेव्हा त्यांचा संताप पोकळ म्हणता येणार नाही. तरी ज्यांच्या घरची चूल त्या कारखान्यांवर पेटत होती, त्यांस हा करार अपमानाचा वाटला नसावा.

उच्चायुक्त १९५२ साली गेले. पुढे इथियोपियाचे सम्राट, इराणचे शहा, १९६५ साली राणी एलिझाबेथ असे पाहुणे आले. पण १९६९ मध्ये हॉटेल बंद झाले. १९७३ साली ब्रेझनेव्ह यांच्यासाठी ते तात्पुरते उघडले. भेट मिळालेली नवी मोटार स्वतः हाकीत ते घाटातून निघाले आणि तिची नासधूस करून बसले! १९७९ साली सरकारने वास्तू विकत घेतली. दुरुस्ती होऊन १९९० मध्ये राष्ट्राचे अतिथिगृह सुरू झाले, तर पुढच्याच वर्षी राजधानी बर्लिनला हलविण्याचा ठराव झाला.

२००१ च्या अखेरीस, रमजानच्या उपवासांच्या दिवसांत, अफगाणिस्तानचे प्रतिनिधी येथे बसले व ५ डिसेंबरला हंगामी सरकारचा करार झाला. ते राज्य २०२१ साली कोसळले.

आज तेथे पुन्हा हॉटेल चालते. शेजारी ते जुने चॅपेल आहेच.