तार तुटली तर इंजिन थांबते का?

पेट्रोल इंजिनचे मॉडेल विमान उडवणाऱ्याला किल स्विच बसवला आहे का असे विचारले, तर उत्तर बहुधा होकारार्थी येते. पुढचा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही: त्या स्विचची तार मध्येच तुटली तर इंजिन थांबेल, की चालूच राहील? पेट्रोलकडे वळणारे बरेच जण ग्लो इंजिनवर शिकलेले असतात आणि तिथे हा प्रश्न उद्भवतच नव्हता. ग्लो प्लगची तार एकदा तापली की ज्वलनाच्या उष्णतेवर तापलेलीच राहते. इंजिन बंद करायचे तर थ्रॉटल पूर्ण मिटायचा, नाहीतर इंधनाची नळी चिमटायची. पेट्रोल इंजिनात प्रत्येक फेऱ्याला ठिणगी विजेने पाडावी लागते. थ्रॉटलची कडी निखळली, सर्व्हो अडकला, तरी ही ठिणगी तोडता आली पाहिजे. किल स्विच त्यासाठी आहे, आणि तो बिघडला तर काय होईल हे त्याच्या जोडणीतच ठरते.

परळच्या रेल्वे वर्कशॉपात ज्यांच्या घरातल्या कुणी नोकरी केली आहे, त्यांना हा विचार नवा नाही. जॉर्ज वेस्टिंगहाऊसने १८६९ साली केलेल्या पहिल्या हवेच्या ब्रेकमध्ये नळीत हवा सोडली की ब्रेक लागत असे. नळी फुटली की ब्रेक गेलाच. १८७२ साली त्याने व्यवस्था उलटी केली: नळीत दाब आहे तोवर ब्रेक सुटलेला, दाब गेला की ब्रेक लागलेला. डबा तुटून मागे राहिला तरी तो आपोआप थांबतो. दादरच्या फलाटावर येणाऱ्या लोकलमध्ये मोटरमनच्या हाताखालचा डेडमॅन हँडलही याच रीतीने चालतो. पकड सुटली की गाडीची वीज तुटते आणि ब्रेक लागतात.

आपल्या इंजिनांत या दोन्ही पद्धती आजही शेजारी शेजारी नांदतात. डीएलई-२० किंवा डीए-५० सारख्या इंजिनला बॅटरीवरचे सीडीआय इग्निशन असते. त्याला वीज मिळाली तरच ठिणगी पडते, त्यामुळे तार तुटली की इंजिन थांबते. झेनोआ जी-२६ किंवा गवत कापायच्या यंत्रातून काढलेल्या इंजिनला मॅग्नेटो असतो. तो फ्लायव्हीलमधल्या चुंबकावर स्वतःची वीज स्वतः तयार करतो. त्याला थांबवण्यासाठी कॉइलच्या प्रायमरीची तार इंजिनच्या बॉडीला टेकवावी लागते. ती तार तुटली तर बटण कितीही दाबा, इंजिन चालूच राहते. दोन्हींना आपण किल स्विच म्हणतो, पण दोन्हींचा स्वभाव एकमेकांच्या नेमका उलट आहे.

सीडीआयची जोडणी त्यामुळे सोपी वाटते, पण खाचाखोचा तिथेही आहेत. इग्निशनची बॅटरी रिसीव्हरच्या बॅटरीपासून वेगळी हवी. स्विच पॉझिटिव्ह तारेत घालावा. निगेटिव्ह तोडली, तर इंजिनच्या धातूतून परतीची दुसरी वाट सापडण्याची शक्यता राहते. ऑप्टो किल स्विचमध्ये रिसीव्हरचे स्पंद एका छोट्या एलईडीला पेटवतात आणि तो प्रकाश पाहून पलीकडचा मॉस्फेट इग्निशनची वीज जोडतो. दोन्ही बाजूंमध्ये तार नाही, नुसता प्रकाश आहे, म्हणून ठिणगीचा विद्युत गोंगाट त्या वाटेने रिसीव्हरपर्यंत येत नाही. हवेतून येणारा गोंगाट दूर ठेवण्यासाठी सीडीआय आणि रिसीव्हर यांच्यात निदान ३० सेंटीमीटर अंतर ठेवावे, आणि थ्रॉटलची कडी धातूऐवजी नायलॉनची असावी. पण मॉस्फेट जळतो तेव्हा बहुधा शॉर्ट होऊन जळतो. म्हणजे तो ‘चालू’ स्थितीतच मरतो. म्हणून त्याच्याबरोबर सिरीजमध्ये हाताने चालवायचा एक साधा स्विच हवाच, आणि तो फ्यूजलाजवर अशा जागी हवा की प्रॉपेलरच्या मागे उभे राहून तिथे हात पोहोचेल. १८ इंची प्रॉप ७,५०० आरपीएमवर फिरतो तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी साडेसहाशे किलोमीटरच्या घरात जातो. त्याच्यावरून हात नेऊन स्विच शोधायची वेळ कुणावरही येऊ नये.

मॅग्नेटोवाल्यांचे काम अधिक अवघड आहे. कॉइलच्या प्रायमरीवर शंभराहून अधिक व्होल्टचे झटके येतात, त्यामुळे ती तार रिसीव्हरच्या निगेटिव्हला जोडणे म्हणजे रिसीव्हर मारणे. रिलेचा नॉर्मली क्लोज्ड संपर्क वापरला, तर रिलेची वीज गेली तरी तार बॉडीला टेकते आणि इंजिन थांबते. पण कॉइलपासून रिलेपर्यंतची तार तुटली तर हाही उपाय निकामी ठरतो. वर पेट्रोल इंजिनच्या थरथरीत रिलेचे संपर्क खडखडतात, ते वेगळेच. म्हणून त्या तारेचा सोल्डरचा डाग पक्का हवा, तारेला पुढे-मागे दोन ठिकाणी बांधणी हवी आणि तपासणी प्रत्येक उड्डाणाआधी हवी. याहून चांगला मार्ग आम्हाला अजून दिसलेला नाही.

रिसीव्हरला सिग्नल मिळेनासा झाला की ठिणगीही तुटावी, यावर एक आक्षेप नेहमी येतो: सिग्नल क्षणभर गेला आणि हवेतच इंजिन बंद पडले, तर मॉडेल गेले की! म्हणून काहीजण फेलसेफला, म्हणजे सिग्नल गेल्यावर रिसीव्हर आपोआप घेतो त्या स्थितीला, नुसता आयडल ठेवतात, इग्निशन चालूच राहू देतात. हे मत आम्हाला मान्य नाही. इंजिन बंद झालेले मॉडेल सिग्नल परतल्यावर ग्लाइड करून उतरवता येते. सिग्नल न परतलेले, टाकीत पेट्रोल असलेले आणि प्रॉप फिरत असलेले मॉडेल कुठे जाऊन पडेल हे कुणाच्याच हातात नसते. मॉडेल पुन्हा बांधता येते.

गिरगाव ते लालबाग या पट्ट्यातल्या वाचकांची एक खास अडचण आहे. जोडणी चाळीतल्या किंवा फ्लॅटमधल्या टेबलावर होते, पण इंजिन तिथे सुरू करता येत नाही. शहरात उडवण्याचा तर प्रश्नच नाही: २०२१ च्या ड्रोन नियमांखालील हवाई नकाशा आड येतो, आणि मुंबई पोलीसही रिमोटवरच्या विमानांना वेळोवेळी मनाई करतात. म्हणून पहाटे निघून, दूरच्या माळावर पोहोचून, सोबतचे सगळे उडवायला अधीर झालेले असताना किल स्विचची पहिली चाचणी होते, आणि ती घाईत होते. ही चाचणी घरी करता येते. सीडीआयला वीज देणारा प्लग काढून सीडीआयच्या जागी जुन्या स्कूटरचा ६ व्होल्टचा, ३ वॅटचा बल्ब जोडावा; तो ऑपेरा हाउसच्या मोटर-पार्टच्या दुकानांत मिळतो, प्लग आणि तारा लॅमिंग्टन रोडला. हा बल्ब साधारण अर्धा अँपिअर खेचतो, म्हणजे सीडीआयच्या आसपासच. इंजिनशिवाय, पेट्रोलशिवाय, प्रॉपशिवाय आता एकेक गोष्ट तोडून पाहावी. ट्रान्समीटर बंद करा. रिसीव्हरची बॅटरी काढा. ऑप्टो स्विचचा सिग्नलचा प्लग ओढा. प्रत्येक वेळी बल्ब विझलाच पाहिजे. ट्रान्समीटर बंद केल्यावरही तो जळत राहिला, तर रिसीव्हर शेवटचा स्पंदच धरून बसला आहे. फेलसेफ पुन्हा लावा. स्विच टिचकीने चालू-बंद करून पाहणे ही चाचणी नव्हे, त्याने फक्त स्विच चांगला आहे एवढेच कळते.

माळावर गेल्यावर मॉडेल खुंटाला बांधून, आयडलवर इंजिन चालू ठेवून ट्रान्समीटर एकदा बंद करावा. इंजिन थांबले नाही, तर मागच्या बाजूने हातस्विच बंद करावा आणि त्या दिवशी ते मॉडेल गाडीतच ठेवावे.

मॅग्नेटोची तार तुटली तरी इंजिन थांबेल अशी जोडणी कुणी करून वापरली असेल, तर आकृतीसह आम्हाला कळवावी. तारेची जाडी, रिलेचा प्रकार आणि किती तास चालली ते लिहावे. पुढच्या अंकात आम्ही ती आनंदाने छापू.