पाठीवरची पडशी आणि रोम नगरी

युरोप खंडाचा प्रवास हा केवळ श्रीमंतांचा विलास आहे, अशी समजूत आपल्यांतील पुष्कळ घरांत दृढ झालेली आढळते. ज्याच्या पदरीं पैसा आहे त्यानें मोठ्या हॉटेलांत उतरावें, मोटारींतून आठ दिवसांत पांच देश पाहावे आणि छायाचित्रांचा भारा घेऊन परत यावें. इतरांनीं भूगोलाच्या पुस्तकावर समाधान मानावें, असा जणूं अलिखित नियमच होऊन बसला आहे. उलटपक्षीं, पाठीवर पिशवी टाकून, स्वस्त वसतिगृहांत निजून, पायीं परदेश पाहणाऱ्या तरुणाकडे कित्येक वडील मंडळी कींव आल्यासारखी पाहतात. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, असें आमचें नम्र परंतु स्पष्ट मत आहे. आणि त्याच्या पुष्ट्यर्थ आम्ही रोम शहराचें उदाहरण घेतों.

प्रथम खर्चाची गोष्ट निखालसपणें सांगितली पाहिजे. युरोप फुकटांत पाहतां येतो असें सांगणारा मनुष्य एक तर स्वतः फसलेला असतो, किंवा दुसऱ्यास फसवीत असतो. विमानाचें भाडें हा या प्रवासांतील सर्वांत मोठा आंकडा. इटली ज्या शेंगेन संघांत मोडते, त्या देशांच्या अल्पकालीन व्हिसाचें शुल्क जून २०२४ पासून प्रौढ माणसास ९० युरो झालें आहे, आणि त्यासाठीं किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा उतरावाच लागतो. शिवाय राहण्याची सोय आणि खर्चापुरता पैसा गांठीं असल्याचा पुरावा द्यावा लागतो. तेव्हां शाळेची शेवटची परीक्षा संपतांच पडशी उचलून निघावें, असें आम्ही कोणाही विद्यार्थ्यास सांगत नाहीं. आणि आईबापांनीं कर्ज काढून मुलास पाठवावें, असें तर मुळींच नाहीं. अंथरूण पाहून पाय पसरावे, हें शहाणपण समुद्रापलीकडेही खोटें ठरत नाहीं. परंतु स्वतःच्या कमाईंतून कांहीं वर्षें शिल्लक टाकून जो तरुण किंवा तरुणी तेथवर पोंचेल, तिला वा त्याला रोममध्यें पाऊल टाकल्यावर आपल्या हलक्या खिशाची लाज वाटण्याचें कांहींएक कारण नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें.

कारण रोम ही मुळीं पायीं येणाऱ्यांची नगरी आहे. इ. स. ९९० च्या सुमारास कँटरबरीचे आर्चबिशप सिगेरिक रोमहून इंग्लंडला परतले, तेव्हां वाटेंतील सुमारें ऐंशी मुक्कामांची यादी त्यांनीं करून ठेविली. तीच यादी आज त्या प्राचीन यात्रामार्गाचा आधार झाली आहे. १३०० सालीं पोप आठवे बोनिफास यांनीं पहिलें ज्युबिली वर्ष जाहीर केलें, आणि तेव्हांपासून शतकानुशतकें शेतकरी, कारागीर, विधवा व भिक्षेकरी या नगरीच्या वेशींतून आंत आले. १५४८ सालीं संत फिलिप नेरी यांनीं गरीब यात्रेकरूंच्या सेवेसाठीं एक बंधुमंडळ स्थापिलें. वाटेनें शिणून आलेल्या अनोळखी माणसांस ते जेवूं घालीत, निजावयास जागा देत आणि त्यांचे पायही धूत.

याच भूमिकेचें एक अमर चित्र रोममध्यें सांत आगोस्तिनो या चर्चमध्यें पाहावयास मिळतें, आणि त्यासाठीं तिकीट पडत नाहीं. काराव्हाज्जो या चित्रकारानें तें १६०५ च्या सुमारास रंगविलें. दारांत बालयेशूस घेऊन माता मरिया उभी आहे. समोर एक पुरुष व एक वृद्ध स्त्री हात जोडून गुडघे टेकून बसलीं आहेत. त्या पुरुषाचे अनवाणी, मळलेले पाय थेट पाहणाराच्या तोंडासमोर येतात. पंढरीच्या वाटेवर चालून आलेल्या वारकऱ्याचे पाय ज्यानें पाहिले आहेत, त्याला हें चित्र समजावून सांगावें लागत नाहीं. धुळीनें माखलेले पाय हे अपमानाचें चिन्ह नसून आलेल्या वाटेचें प्रमाणपत्र आहे, हें त्या चित्रकारानें चारशें वर्षांपूर्वीं ओळखलें होतें.

ज्या स्वस्त वसतिगृहांत आजचे तरुण उतरतात, त्यांचा उगमही लक्षांत ठेवण्याजोगा आहे. रिचर्ड शिरमान नांवाचे एक जर्मन शिक्षक १९०९ सालीं आपल्या विद्यार्थ्यांस घेऊन पदभ्रमणास गेले असतां वादळांत सांपडले आणि एका शाळेच्या इमारतींत त्यांनीं रात्र काढली. सुट्टींत रिकाम्या पडणाऱ्या शाळा चालणाऱ्या मुलांस निवारा कां देऊं नयेत, हा विचार त्यांच्या मनांत त्या रात्रीं आला, आणि त्यांतूनच जगभर पसरलेली युवक-वसतिगृहांची चळवळ उभी राहिली. एका खोलींत सहा-आठ खाटा, सामायिक स्वयंपाकघर आणि आपलें आपण आवरण्याची शिस्त, ही व्यवस्था दारिद्र्यांतून नव्हे, तर एका शिक्षकाच्या विचारांतून निघाली आहे. मुलाच्या वसतिगृहाची कल्पना ऐकून नाक मुरडणाऱ्या पालकांनीं हें ध्यानांत घ्यावें.

आतां रोम आपल्या पाहुण्यास काय देते तें पाहूं. प्रथम पाणी. इ. स. पूर्वीं १९ मध्यें आग्रिप्पा या रोमन सेनानीनें शहरांत आणिलेला ‘व्हर्गो’ नांवाचा जलमार्ग, पुढें दुरुस्त होऊन, आजही सुप्रसिद्ध त्रेव्ही कारंज्यास पाणी पुरवितो. १८७४ पासून रस्तोरस्तीं बसविलेले ओतीव लोखंडाचे लहान नळ अडीच हजारांच्या घरांत आहेत. त्यांतून थंड व पिण्यास योग्य पाणी अहोरात्र वाहत असतें. पाण्याची बाटली विकत घेणारा तेथें पैसा व्यर्थ दवडतो. त्यानंतर कला. सेंट पीटरच्या महामंदिरांत मायकेल अँजेलोचा ‘पिएता’ हा पुतळा, सान पिएत्रो इन व्हिंकोली या चर्चमध्यें त्याचाच ‘मोझेस’, आणि सान लुइजी या फ्रेंच चर्चमध्यें काराव्हाज्जोचीं संत मत्तयाविषयींचीं तीन चित्रें, हीं सर्व विनामूल्य पाहतां येतात. इटलींतील सरकारी संग्रहालयांत अठरा वर्षांखालील मुलांस, मग तीं कोणत्याही देशाचीं असोत, प्रवेशमूल्य नाहीं. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारीं तें कोणासही पडत नाहीं. पँथिऑन या प्राचीन मंदिरास मात्र जुलै २०२३ पासून पर्यटकांस ५ युरो द्यावे लागतात. परंतु ४३ मीटरांहून अधिक व्यासाचा तो काँक्रीटचा घुमट जवळजवळ एकोणीसशें वर्षें उभा आहे, आणि त्याच्या माथ्यावरील उघड्या वर्तुळांतून सूर्याचा झोत हळूहळू भिंतीवरून सरकतो. हें पाहतां ते पांच युरो महाग म्हणतां यावयाचे नाहींत. भोजनाचेंही तसेंच. वजनावर विकला जाणारा पिझ्झ्याचा तुकडा आणि उभ्यानें घेतलेली कॉफी, यांत तेथील नोकरमाणसाचीही न्याहारी होते. त्याच कॉफीस टेबलाशीं बसल्याबरोबर बहुधा अधिक दाम पडतात.

परंतु पैशाची बचत हा या रीतीचा मुख्य लाभ नव्हे. मुख्य लाभ मंदगतीचा आहे. तिसऱ्या शतकांतील ऑरेलियन बादशहानें बांधविलेल्या तटाचा घेर सुमारें १९ किलोमीटर. त्याच्या आंतील जुनें शहर पायांनीं मोजतां येतें, आणि पायांनीं मोजलेलें स्मरणांत राहतें. कोलोसियमपासून हांकेच्या अंतरावर सान क्लेमेंते हें बाराव्या शतकांतील चर्च आहे. तिकीट काढून त्याच्या पोटांतील पायऱ्या उतरावें, तों खालीं चौथ्या शतकांतील चर्च. आणखी उतरावें, तों रोमन काळच्या इमारती व मिथ्र देवतेचें देवालय. आणि तेथें जमिनीखालून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज कानीं येतो. इतिहास म्हणजे सनावळी नव्हे, एकावर एक रचलेले थर आहेत, ही गोष्ट त्या पायऱ्यांवर जशी पटते तशी वर्गांत आम्हां शिक्षकांस पटवून देतां येत नाहीं. ज्याची मोटार बाहेर पंधरा मिनिटें उभी आहे, तो या पायऱ्या उतरत नाहीं.

येथें एक आक्षेप घेण्यासारखा आहे, आणि तो आम्हांस मान्य आहे. स्वस्त प्रवास करणारे सर्वच सुजन असतात असें नाहीं. काटकसर आणि कृपणता यांत फार अंतर आहे. काटकसरी मनुष्य आपल्या गरजा कमी करितो. कृपण मनुष्य आपला भार दुसऱ्यावर टाकितो. चर्चच्या पायरीवर शिदोरी सोडून कागद तेथेंच टाकणारा, प्रार्थना चालू असतां छायाचित्रासाठीं पुढें घुसणारा, कारंज्यांत पाय बुडविणारा प्रवासी पैसा वांचवीत नसून यजमानाची अब्रू खर्चीत असतो. अशा वर्तनामुळेंच स्पॅनिश पायऱ्या या प्रसिद्ध सोपानावर बसण्यास २०१९ पासून मनाई करावी लागली. नियम मोडणारास दंड होतो. शिवाय जुन्या शहरांतील घरें पर्यटकांस दिवसाच्या भाड्यानें देण्याचा प्रघात वाढल्यामुळें मूळ रहिवाशांस तेथें बिऱ्हाड मिळणें कठीण झालें आहे. म्हणून खोलीपेक्षां वसतिगृह किंवा मठांतील पाहुणेघर पत्करावें, शहराचा मुक्काम-कर कुरकुर न करितां भरावा, चर्चमध्यें खांदे व गुडघे झांकून शिरावें आणि हलक्या आवाजांत बोलावें. पाहुण्यानें पाहुण्यासारखें राहावें, हा नियम गरीब पाहुण्यासही सुटत नाहीं.

मग पडशींत काय असावें? कपडे थोडे आणि ज्ञान पुष्कळ, हें आमचें उत्तर. रोमचा आपल्याशीं काय संबंध, असें पुसणारास दोन नांवें सांगतां येतील. ज्यांनीं मराठी ओंव्यांत रचिलेलें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं गोव्यांत रायतूर येथें छापलें गेलें, ते फादर थॉमस स्टीफन्स हे १५७५ सालीं रोम येथेंच येशूसंघांत दाखल झाले आणि १५७९ सालीं गोव्यास पोंचले. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्या इंग्रज साधूच्या संन्यस्त जीवनाचा आरंभ क्विरिनाल टेकडीवर झाला, हें जो जाणतो त्याला ती टेकडी परकी वाटणार नाहीं. दुसरें नांव वसईच्या गोन्सालो गार्सिया यांचें. जपानांत १५९७ सालीं क्रुसावर प्राण देणाऱ्या या आपल्या भूमिपुत्रास १८६२ सालीं रोम येथेंच संतपद देण्यांत आलें. ज्याला हें ठाऊक नाहीं तो पहिल्या वर्गाच्या तिकिटानें गेला तरी रिकाम्या हातीं परत येईल.

पालकांस आमची विनंती एवढीच कीं, मुलाची प्रवासाची इच्छा ऐकून ‘आपणांस कोठें परवडतें’ असें म्हणून विषय मिटवूं नये. ‘कसें परवडेल’ हा प्रश्न त्याच्यापुढें ठेवावा. हिशोब त्यालाच मांडूं द्यावा. तो मांडतांना तो जें शिकेल, तें प्रवासापूर्वींच हातीं आलेलें फळ होय. आणि विद्यार्थ्यांनो, जाण्याचा योग येण्यास अद्यापि दहा वर्षें असतील तर तीं वाया जावयाचीं नाहींत. इतिहास वाचा, नकाशे पाहा, एखादी परभाषा शिका, आणि आपलें ओझें आपण उचलण्याची संवय आजपासून लावून घ्या. पैसा कमी पडला तर मनुष्य पायीं जाऊं शकतो. तयारीच कमी पडली तर विमानही त्यास रोमला पोंचवूं शकत नाहीं.