पडद्यावर टॉवेल



मागच्या भागात लॅपटॉप, कंट्रोलर आणि स्पीकर यांची जोडणी पाहिली. त्यानंतर आपल्या तरुण वाचकांकडून फिरून फिरून एकच प्रश्न आला. "गाणी लागतात, आवाजही चांगला येतो, पण एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना नाचणारे थबकतात. सिंकचं बटण तर दाबलेलं असतं. मग चुकतं कुठं?"

याचं उत्तर मला आमच्या मामांनी शिकवलं. मामांनी आयुष्यात कधी डीजेच्या सामानाला हात लावलेला नाही. ते बेळगावच्या उद्यमबागेतले जुने फिटर. तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पुढं, खानापूर रोडला लागून असलेल्या त्या वसाहतीत फौंड्र्या, लेथ, प्रेस यांच्या आवाजात त्यांची सगळी उमर गेली.

झालं असं, की मामेबहिणीच्या हळदीला गाणी लावायचं काम माझ्याकडं होतं. आमची मामी म्हणजे दुसऱ्यांच्या लग्नात कायम वाढपात नाहीतर भांड्यांच्या हिशोबात. त्या दिवशी मात्र स्वतःच्या लेकीच्या हळदीत ती पदर खोचून नाचायला उतरली. मी ढोलकीवरचं एक जुनं गाणं लावलं होतं. ते रंगात असतानाच मी सिंक दाबून नवं गाणं आत घेतलं. चार-पाच सेकंद ठीक गेली. मग दोन्ही गाण्यांचे ठोके एकमेकांपासून सुटले. विसर्जनाला कपिलेश्वर तलावाकडं जाताना दोन मंडळांची पथकं एकाच चौकात आली की जो गलबला होतो, तसा. मामीचा पाय चुकला. "माझं मेलीचं वय झालं," म्हणत ती हसून खुर्चीवर बसली, ती शेवटपर्यंत उठली नाही. चूक तिच्या पायाची नव्हती. चूक माझी होती आणि ते तिला सांगायचंही मला सुचलं नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी मामांच्या शेडमध्ये लॅपटॉप घेऊन सरावाला बसलो. बाहेर मशिनं बंद, आत मी आणि मामा. पडद्यावर दोन गाण्यांच्या लाटा एकाखाली एक सरकत होत्या आणि मी डोळे लावून त्या जुळवत होतो. मामांनी थोडा वेळ पाहिलं, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि पडद्यावर टाकला. "पडद्याकडं काय बघूलालास? ऐक की जरा."

मग त्यांनी एक लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, मोटर चालू केली, स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवलं आणि मूठ माझ्या कानाला लावली. एकसारखी गुरगुर ऐकू आली आणि तिच्यात मधूनच एक बारीक खरखर. "एक कान मशिनीत, एक कान शेडमध्ये. बेअरिंग जायच्या आधी बोलतंय, पण ऐकणारा पाहिजे." हेडफोनची एक वाटी कानावर आणि दुसरा कान मोकळा ठेवून डीजे उभा राहतो, तो हेच करत असतो. पुढचं गाणं हेडफोनमध्ये, चालू गाणं मंडपात.

ही गोष्ट सॉफ्टवेअरच्या आधीची आहे. न्यूयॉर्कमध्ये फ्रान्सिस ग्रासो १९७० च्या सुमारास दोन तबकड्यांचे ठोके कानानं जुळवत असे. टेक्निक्स कंपनीचं एसएल-१२०० हे टर्नटेबल १९७२ मध्ये आलं आणि पुढं डीजेंचं लाडकं झालं. त्या काळी पडदा नव्हता, लाटा नव्हत्या, सिंकही नव्हतं. आज व्हर्च्युअल डीजे, सेराटो, रेकॉर्डबॉक्स, ट्रॅक्टर किंवा मोफत मिळणारं मिक्स (याच्या स्पेलिंगमध्ये शेवटी तीन एक्स असतात) ही सॉफ्टवेअर बरंच काम करून देतात. पण ती काय करत नाहीत, हे माहीत हवं.

पहिली गोष्ट लयीची. सॉफ्टवेअर गाणं तपासून बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके, ते सांगतं. नवी गाणी बहुतेक संगणकावर बांधलेली असतात, त्यांची लय हलत नाही. जुन्या गाण्यात माणसं समोरासमोर बसून वाजवायची. ढोलकीवाला अंतऱ्यात जरा पुढं जायचा, मुखड्यावर परत यायचा. गाण्याची गोडी त्यातच आहे, पण सिंक तिथंच फसतं. हिशोब करा. एक गाणं १२० वर आणि दुसरं १२१ वर असेल, तर ३० सेकंदांत अर्ध्या ठोक्याचा फरक पडतो. माझ्या हळदीत हेच झालं होतं. काही सॉफ्टवेअर आता बदलती लयही ओळखतात, तरी जुन्या गाण्याच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी ठोक्यांच्या रेघा बरोबर पडल्यात का ते ऐकून पाहा. आणि अशा गाण्यावर दुसरं गाणं लांबवर चढवू नका. ४ किंवा ८ ठोक्यांत काम उरका. सॉफ्टवेअर कधी १४० ची लय ७० अशीही सांगतं. टाळी वाजवून मोजलं की लगेच कळतं.

दुसरी गोष्ट समेची. सिंक ठोक्यावर ठोका बसवतं, पण गाणं कुठं श्वास घेतं हे त्याला ठाऊक नसतं. नाचाची बहुतेक गाणी ४ ठोक्यांच्या ८ आवर्तनांनी, म्हणजे ३२ ठोक्यांनी वळण घेतात. तिथं नवं वाद्य येतं, गायक थांबतो किंवा मुखडा परततो. तुमच्या नव्या गाण्याचा पहिला ठोका चालू गाण्याच्या अशा वळणावरच पडला पाहिजे. भजनात समेवर टाळ न चुकवणाऱ्या आजोबांना हे शिकवावं लागत नाही. आपण गाणं ऐकताना ३२ पर्यंत मोजायची सवय लावून घ्यावी आणि वळणाच्या जागी क्यू पॉइंटची खूण करून ठेवावी. मात्र गाणाऱ्याच्या तोंडात ओळ असताना त्यावर दुसरा गाणारा आणू नका. आवडत्या अंतऱ्याच्या तोंडाशी गाणं तोडलं, तर मावश्या तुम्हाला वर्षभर माफ करत नाहीत.

तिसरी गोष्ट खास आपली. आपल्याकडं आठ मात्रांच्या केरव्यातली गाणी आहेत आणि सहा मात्रांच्या दादऱ्याच्या अंगाची कोळीगीतंही आहेत. या दोन चाली एकमेकींवर चढत नाहीत. बीपीएम जुळला तरी एकीचा झोका दुसरीला अडवतो. तिथं मिश्रणाचा हट्ट सोडा. पहिल्या गाण्याचा मुखडा संपला की शेवटच्या ठोक्याला इको द्या, तो विरू द्या आणि नवं गाणं थेट समेवर सुरू करा. मध्ये नुसत्या ढोल-ताशाचा तुकडा घातला तरी पाय नव्या चालीला तयार होतात.

चौथी गोष्ट खर्जाची. दोन गाण्यांचे खर्ज एकत्र आले की आवाज गढूळ होतो. म्हणून नवं गाणं आत घेताना त्याचं लो हे बटण पूर्ण खाली ठेवा. वळण आलं की त्याच क्षणी जुन्याचा खर्ज काढा आणि नव्याचा द्या. त्याआधी दोघांची पातळी गेनच्या बटणानं सारखी करून घ्या. दिवे लाल होत असतील तर आवाज फाटतो आहे असं समजा.

पाचवी गोष्ट सुराची. कीलॉक बंद ठेवून गाणं ६ टक्के वेगवान केलं, की पट्टी साधारण एका स्वरानं चढते. पांढरी एकचं गाणं काळी एकला जातं. म्हणून कीलॉक चालू ठेवा आणि वेगही ४-५ टक्क्यांपलीकडं ताणू नका. कोणतं गाणं कोणाशेजारी बसेल, यासाठी सॉफ्टवेअर कॅमेलॉट नावाचं वर्तुळ वापरतात. त्यात १ ते १२ आकडे आणि प्रत्येकाला ए व बी अशा २४ पट्ट्या असतात. तोच आकडा किंवा शेजारचा आकडा त्याच अक्षरासह घेतला, की सूर सहसा भांडत नाहीत. पण आपल्या रागांवरच्या गाण्यांत सॉफ्टवेअर पट्टी चुकवूही शकतं. हार्मोनियम वाजवणारं घरात कुणी असेल, तर त्यांना विचारा. त्या निमित्तानं गप्पाही होतील.

आता शेवटची गोष्ट, जी मला सगळ्यात आधी लिहायला हवी होती.

त्या दिवशी शेडमध्ये माझं मिश्रण पहिल्यांदा नीट जमलं. मी मामांकडं पाहिलं. त्यांनी तळहात स्पीकरवर ठेवला होता. म्हणाले, "धुम कळतेय, थाप कळतेय. घुंगरू आहेत काय ह्या गाण्यात?" घुंगरू होते, टाळही होते. मामांना ते ऐकू येत नव्हते. प्रेसच्या आवाजानं त्यांच्या कानातले वरचे सूर नेले होते. मोठ्या आवाजात कान जातात ते असेच. आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचे बारीक आवाज जातात आणि माणसाला कित्येक दिवस पत्ताच लागत नाही. गेलेले परत येत नाहीत. ज्या कानानं ते बेअरिंगचं दुखणं ओळखायचे, तोच कान त्यांनी त्या कामाला दिला. त्यांच्या वेळी कानात घालायला फार तर कापूस असायचा.

आपल्याला हे माफ नाही, कारण आपल्याला माहीत आहे. अमेरिकेतली नायॉश ही कामगारांच्या आरोग्याची संस्था ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही मर्यादा सांगते. पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. स्पीकरशेजारी चार तास उभ्या राहणाऱ्या डीजेनं आणि तिथं नाचणाऱ्या पोरांनी हा हिशोब स्वतःशी करावा. फोममधले इअरप्लग थोड्या पैशांत मिळतात. लहान मुलांना स्पीकरपासून लांब ठेवा. शिवाय भारतात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला बंदी आहे. सरकार वर्षातून १५ पेक्षा जास्त नाहीत इतके दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. परदेशातल्या वाचकांनी आपापल्या गावचे नियम पाहावेत. जमलेलं मिश्रण कमी आवाजातही नाचवतं. आवाज वाढवून चुका झाकल्या जात नाहीत, उलट मोठ्या होतात.

गेल्या वर्षी त्याच मामेबहिणीच्या लेकीचं बारसं झालं. घरातच, दोन छोटे स्पीकर. मी तेच जुनं ढोलकीचं गाणं लावलं. या वेळी रेघा हातानं नीट केल्या होत्या. मुखडा पूर्ण होऊ दिला आणि वळणावर खर्ज बदलून नवं गाणं आत आणलं. मामी पाळण्याची दोरी सोडून उठली होती. गाणं बदललं, हे तिला कळलंच नाही. मामा टेबलावर तळहात ठेवून बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहून मान हलवली.

पुढच्या भागापर्यंतचा गृहपाठ असा. एक नवं आणि एक जुनं, अशी घरातल्या मोठ्यांच्या आवडीची दोन गाणी निवडा. पडद्यावर टॉवेल टाका. नुसत्या कानानं एकातून दुसऱ्यात जा. दहा वेळा चुकेल, अकराव्यांदा जमेल. जमलं की आम्हाला जरूर कळवा, आणि आवाज जरा बेतानं ठेवा.