हक्क नाकारून राखण मागता येणार नाही

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींना जमीन परत देण्याचा विषय निघाला की एक आक्षेप हमखास पुढे येतो, आणि तो सभ्य भाषेत येतो. त्यांच्यावर अन्याय झाला हे मान्य. पण जमीन, पाणी आणि वारसा जपणं हे भावनेचं काम नाही. ते शास्त्रज्ञांकडे आणि सरकारी खात्यांकडे असावं. आदिवासींचा सल्ला घ्यावा, त्यांना नोकऱ्या द्याव्यात, समारंभात मान द्यावा. मालकी आणि निर्णय मात्र सर्वांच्या वतीनं सरकारकडे राहावेत. असं म्हणणारे सगळे दुष्ट नसतात, म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं असं, की निर्णयाचा अधिकार नसेल तर राखण होतच नाही. तशी राखण करणारा फार तर मजूर असतो, आणि वाईट प्रसंगी नुसता साक्षीदार. याला आधार आहे तो एका सरोवराच्या इतिहासाचा.

व्हिक्टोरिया राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात बुज बिम नावाचा ज्वालामुखी आहे. सुमारे ३७,००० वर्षांपूर्वी त्यातून निघालेला लाव्हा समुद्राच्या दिशेनं वाहत गेला. ओढे अडले, नद्यांच्या वाटा बदलल्या आणि काळ्या, खडबडीत दगडाच्या त्या पट्ट्यात पाणथळी आणि सरोवरं तयार झाली. गुंडिचमारा लोकांचा हा मुलूख. इथल्या पाण्यात कूयांग येते. ही वामेची एक जात. तिची पिल्लं समुद्रातून नद्यांवाटे वर चढतात, गोड्या पाण्यात कित्येक वर्षं वाढतात आणि विणीसाठी पुन्हा समुद्राकडे, पार प्रवाळ समुद्रापर्यंत जातात. तिच्या या जाण्यायेण्याचे हंगाम गुंडिचमारांनी ओळखले. लाव्हाच्या दगडातून पाट काढले, बांध घातले, पुराचं पाणी वळवून तळी भरली. तळ्यांत वाम वाढवायची, बांधात मुद्दाम ठेवलेल्या फटीला गवताची विणलेली लांब टोपली लावायची आणि मोठी झालेली वाम धरायची. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या कालमापनानुसार या मुलखातल्या कॉन्डा सरोवरावरच्या अशा एका रचनेतला पाट सुमारे ६,६०० वर्षांपूर्वीचा आहे. त्याच रचनेतल्या बांधाचं काही काम मात्र गेल्या हजार वर्षांतलं निघालं. मला हा दुसरा तपशील पहिल्याहून मोलाचा वाटतो. सहा हजार वर्षं जुनं म्हटलं की लोक लगेच पिरॅमिडशी तुलना करतात. पण पिरॅमिड बांधून झाले आणि संपले. हे पाट पिढ्यान्‌पिढ्या डागडुजी होत वापरात राहिले. राखण म्हणतात ती हीच.

आता पहिला आक्षेप, सगळ्यांत जुना. हे लोक भटके होते, त्यांनी काही बांधलं नाही, म्हणून जमीन कोणाचीच नव्हती. वसाहतीचा कायदा याच समजुतीवर उभा राहिला, आणि १९९२ मध्ये माबो खटल्यात उच्च न्यायालयानं ती मोडीत काढेपर्यंत टिकला. पण ज्यांना पाहायचं होतं त्यांना हे बांधकाम आधीच दिसलं होतं. आदिवासींचा 'मुख्य संरक्षक' म्हणून नेमलेल्या जॉर्ज ऑगस्टस रॉबिन्सननं १८४१ मध्ये याच पश्चिम भागात फिरताना वामेसाठी खणलेल्या चरांचं मोठं जाळं पाहिलं आणि दैनंदिनीत नोंदवलं. त्याआधी सातच वर्षांपूर्वी, १८३४ मध्ये, हेन्टी कुटुंब पोर्टलंडला उतरलं होतं. पुढच्या दशकात गुंडिचमारा आणि वसाहतवाले यांच्यात जी लढाई पेटली तिला युमेराला युद्ध म्हणतात. कोणाचीच नसलेली जमीन घ्यायला युद्ध करावं लागत नाही.

या मुद्द्याला अलीकडे एक वेगळं वळण लागलं आहे. २०१४ मध्ये ब्रूस पॅस्को यांनी 'डार्क इमू' या पुस्तकात आदिवासी हे शेतीच करत होते असं मांडलं. २०२१ मध्ये पीटर सटन आणि केरिन वॉल्श यांनी पुस्तकानंच उत्तर देऊन पॅस्को यांचे पुरावे तपासले आणि बरेचसे दावे नाकारले. विद्वानांचा हा वाद चालू राहो, तो उपयोगाचा आहे. पण गुंडिचमारांना शेतकरी ठरवल्याशिवाय त्यांचा हक्क सिद्ध होत नाही, ही त्यामागची धारणा मला मान्य नाही. नांगर हीच सभ्यतेची परीक्षा, हा नियम जमीन घेणाऱ्यांनी केला होता. त्या परीक्षेत पास होण्यासाठी धडपडणं म्हणजे परीक्षकाचा अधिकार कबूल करणं. पाट आहेत, बांध आहेत, ते कोणी केले हे ठाऊक आहे आणि करणाऱ्यांचे वारस तिथेच राहतात. एवढं पुरे आहे.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. परंपरा आता उरलीच कुठे? हे लोक इंग्रजी बोलतात, ट्रक चालवतात, मग कसले वारसदार? हा प्रश्न विचारण्याआधी परंपरा कोणी तोडली ते पाहावं. १८६७ मध्ये कॉन्डा सरोवराजवळ चर्चचं मिशन उघडलं आणि गुंडिचमारांना तिथे आणून बसवलं. १८८६ मध्ये व्हिक्टोरियानं कायदा केला आणि 'मिश्र रक्ताचे' ठरवलेल्या तरुणांना मिशनमधून, म्हणजे आपल्याच आईबापांजवळून, बाहेर काढलं. पुढे पहिलं महायुद्ध झालं. कॉन्डाच्या लव्हेट घराण्यातले पाच भाऊ त्यात लढायला गेले, त्यांतले चौघे दुसऱ्या महायुद्धातही सैन्यात होते. दुसऱ्या महायुद्धानंतर मिशनची जमीन परतलेल्या सैनिकांना वसाहतीसाठी वाटण्यात आली, गोऱ्या सैनिकांना. लव्हेट बंधूंपैकी एकानं जमिनीसाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. राज्यानं हे केलं, आणि पुढे न्यायालयात वारसांनाच सांगावं लागलं की आमची परंपरा अखंड आहे, आणि हा त्याचा पुरावा.

हा पुरावा सगळ्यांना देता आला नाही. मरे नदीकाठच्या योर्टा योर्टा लोकांचा दावा १९९८ मध्ये फेटाळला गेला. इतिहासाच्या लाटेनं त्यांचे हक्क धुऊन नेले, अशा आशयाचं कारण न्यायाधीशांनी दिलं, आणि २००२ मध्ये उच्च न्यायालयानंही दावा नाकारला. लाट म्हणजे निसर्गाची करणी. इथे तर कायदे होते, सह्या होत्या, मोजणी करणारे होते. गुंडिचमारांनी १९९६ मध्ये दावा दाखल केला आणि मार्च २००७ मध्ये, अकरा वर्षांनी, संघीय न्यायालयानं सुमारे १,४०,००० हेक्टर सरकारी जमीन आणि पाण्यावर त्यांचा पारंपरिक हक्क मान्य केला. त्या खटल्याला लव्हेट हेच नाव आहे. हे हक्क सांभाळण्यासाठी गुंडिच मिरिंग ही त्यांची संस्था उभी आहे.

तिसरा आक्षेप तज्ज्ञांचा. राखण म्हणजे विज्ञान, आणि विज्ञान खात्यांकडे आहे. मग कॉन्डा सरोवर कोणी कोरडं केलं? कुरणं वाढवण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९५० च्या दशकापर्यंत तिथे चर खणून पाणी काढून देण्यात आलं. ते करणारे त्या काळचे जाणकारच होते, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर पाट कोरडे पडले. सरोवर परत आणण्याचा आराखडा गुंडिचमारांनी या शतकाच्या सुरुवातीलाच हाती घेतला होता. पण २००८ मध्ये सरोवराची जमीन त्यांच्या नावावर झाली आणि २०१० मध्ये नवा बंधारा उभा राहिला. आराखडा, मालकी, पाणी, असा हा क्रम आहे. सरकारी खात्याच्या ताब्यात सरोवर अनेक दशकं पडून होतं. मालकी आल्यावर दोन वर्षांत पाणी अडलं. भूशास्त्रज्ञ, जलतज्ज्ञ, पुरातत्त्वज्ञ या सगळ्या कामात होते आणि आहेत. फरक इतकाच की काय शोधायचं, कुठे खणायचं आणि कुठे हात लावायचा नाही, हे ठरवणाऱ्यांत गुंडिचमारा बसलेले असतात. त्यानं विज्ञान कमी झालं नाही. २०१९ मध्ये युनेस्कोनं बुज बिमचा ९,९३५ हेक्टरचा सांस्कृतिक परिसर जागतिक वारसा यादीत घेतला. केवळ आदिवासी सांस्कृतिक मूल्यांसाठी या यादीत गेलेलं ऑस्ट्रेलियातलं हे पहिलं स्थळ, आणि त्यासाठीचा पुढाकार गुंडिचमारांचा होता.

या यशाच्या मुळाशी एक जुनी झुंज आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पोर्टलंडला अल्कोआ कंपनी ॲल्युमिनियमचा कारखाना घालत होती. तिथल्या अवशेषांना धोका आहे म्हणून सॅन्ड्रा ओनस आणि ख्रिस्टिना फ्रँकलंड या दोन गुंडिचमारा स्त्रिया न्यायालयात गेल्या. राज्याच्या न्यायालयानं त्यांना दावा लावण्याचाच अधिकार नाही असं सांगितलं. १९८१ मध्ये उच्च न्यायालयानं तो अधिकार मान्य केला. आपल्या पूर्वजांच्या खुणा जपण्यात यांचं हित इतरांहून वेगळं आणि खास आहे, हे देशातल्या सर्वोच्च न्यायपीठानं पहिल्यांदा म्हटलं. सहा वर्षांनी, १९८७ मध्ये, मिशनची जमीन परत देणारा कायदा संघीय संसदेनं केला. सुरुवात निवेदनं देऊन झालेली नव्हती.

अधिकाराविना राखण कशी होते, हे पाहायचं तर पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिल्बरा प्रदेशातल्या जूकन घळीकडे जावं लागतं. तिथली एक शैलगुहा ४६,००० वर्षं माणसांच्या वावरात होती. पुटु कुंटी कुर्रमा आणि पिनिकुरा लोकांचीही स्वतःची संस्था होती, त्यांना जागा माहीत होती, तिचं मोल माहीत होतं. २०१४ च्या उत्खननात तिथे विणलेल्या माणसाच्या केसांचा सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचा तुकडा मिळाला, आणि त्यातल्या जनुकांचं नातं आजच्या वारसांशी जुळलं. याहून मोठा पुरावा कुठला असतो? तरी मे २०२० मध्ये रिओ टिंटो कंपनीनं लोखंडाच्या खनिजासाठी ती गुहा सुरुंगानं उडवली. कायदा मोडून हे झालं नाही. १९७२ च्या राज्य कायद्याखाली मंत्र्यांची परवानगी २०१३ मध्येच मिळाली होती, आणि त्या परवानगीविरुद्ध दाद मागण्याची सोय मूळ वारसांना नव्हती. सल्ला घेतला गेला होता. अहवाल लिहिले गेले होते. आदर होता, नकाराधिकार नव्हता. केवळ सल्ल्यावर समाधान मानायला सांगणाऱ्यांनी या गुहेचं उत्तर द्यावं.

समतेच्या नावानं घेतला जाणारा आक्षेप लवकर आटोपता येतो. वारसा सगळ्या मानवजातीचा, तो एका समाजाला का द्यावा? २००७ चा निकाल वाचला तर दिसतं की मान्य झालेले हक्क इतरांना वगळणारे नाहीत. खाजगी शेतं कोणी काढून घेतली नाहीत. राष्ट्रीय उद्यान राज्याच्या खात्याबरोबर संयुक्तपणे चालवलं जातं. २०२२ मध्ये सरोवराकाठी गुंडिचमारांनी स्वतःचं केंद्र उघडलं, तिथे कोणीही जाऊन पाट पाहू शकतो आणि वाम खाऊ शकतो. मानवजातीला बुज बिम आज दिसतं आहे ते एका समाजानं ते सोडलं नाही म्हणून.

आक्षेपकांइतकंच मला चाहत्यांशी भांडायचं आहे. आदिवासी म्हणजे निसर्गाशी एकरूप, निरागस, पृथ्वीचे पुजारी, असं बोलणारे आपल्याकडेही पुष्कळ आहेत. गुंडिचमारांनी दगड फोडला, पाण्याची वाट वळवली, माशांच्या संख्येवर नियंत्रण ठेवलं. ही अभियांत्रिकी आहे, हिशोब आहे, अंगमेहनत आहे. त्यांना पुजारी ठरवलं की त्यांच्या ज्ञानाला श्रद्धा म्हणून बाजूला ठेवता येतं, आणि त्यांनी पगार, यंत्रं, वाटाघाटी मागितल्या की निराश होता येतं. प्रेमानं केलेली ही अवहेलना आहे.

हा वाद मराठी वाचकाला परका नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याकडेच राहिला, आणि तो परवाना २०११ मध्ये ग्रामसभेच्या हाती येईपर्यंत हक्क कागदावरच होता. जंगल आदिवासींच्या हाती गेलं तर उरणार नाही, हे तेव्हा मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांतून ठामपणे सांगितलं जात होतं. कॉन्डाच्या काठी दिलं तेच उत्तर या लोकांनाही द्यावं लागेल.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. हक्क मान्य करायचा तर नोंदणीकृत संस्था काढा, सभासदयादी ठेवा, लेखापरीक्षण करा, ही अट कायद्यानं घातली. वयोवृद्धांच्या शहाणपणावर चाललेली व्यवस्था कंपनीच्या साच्यात बसवली, आणि अनेक ठिकाणी तिला पुरेसा पैसाही दिला नाही. कोण वारस आणि कोण नाही, यावरून नात्यांत भांडणं लागतात, ती या साच्यातूनही लागतात. हे खरं आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष अधिकार कमी करण्याचा नाही. संस्थेला बळ द्यावं, आणि जे अजून हाती दिलेलं नाही ते द्यावं.

पाणी, उदाहरणार्थ. तिथल्या कायद्यात जमीन आणि पाण्याचा वाटा वेगवेगळे मोजले जातात, त्यामुळे सरोवराची जमीन मिळाली तरी नदीच्या पाण्यावर वेगळा हक्क मागावा लागतो. २०२२ मध्ये व्हिक्टोरिया सरकारनं फिट्झरॉय नदीच्या खोऱ्यातलं अडीच अब्ज लिटर पाणी गुंडिच मिरिंगला दिलं. ही सुरुवात आहे, आणि सुरुवात म्हणूनच तिचं स्वागत करायला हवं. उलट पश्चिम ऑस्ट्रेलियानं जूकन घळीनंतर नवा वारसा कायदा केला, तो जुलै २०२३ मध्ये अमलात आणला, आणि शेतकरी आणि जमीनमालकांनी ओरड करताच नोव्हेंबरमध्ये काही दुरुस्त्या करून १९७२ चाच कायदा परत आणला. वारसांना आता दाद मागता येते. पण शेवटचा शब्द अजून मंत्र्यांचा आहे, आणि तो जोवर त्यांचा आहे तोवर गुंडिचमारांनी कॉन्डाला करून दाखवलं ते पिल्बराच्या घळींना मिळणार नाही. तिथल्या वारसांना नकाराधिकार मिळायला हवा.