सरासरीने न जाणारी चूक

समजा, टाकवे बुद्रुकच्या एखाद्या घरी ओटीवर बसून आजींचा रक्तदाब मोजला. वरचा आकडा तीनदा १३८, १४२, १४० आला; आपण सरासरी १४० धरतो. ते योग्यच. नोंदींपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज सरासरीपाशीच सर्वांत कमी होते. लजांद्र यांनी १८०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या न्यूनतम वर्ग पद्धतीचे हे अगदी साधे रूप. परंतु दंड हृदयाच्या पातळीखाली १० सेंटीमीटर असेल, तर आकडा सुमारे ८ ने चढतो, आणि तिन्ही वेळा चढतो. शंभरदा मोजले तरी सरासरी चढलेलीच! दंडाच्या मानाने लहान पट्ट्याचेही तेच. अशा नोंदींवरून गोळी उगाच वाढू शकते. म्हणून वाचकहो, भातलावणीहून परतल्यावर आधी पाच मिनिटे स्वस्थ बसावे, पाठ टेकवावी, दंड उशीवर हृदयाच्या उंचीला ठेवावा आणि मगच मोजावे.